रहस्यकथा-विज्ञानकथांची मासिकं मरत का नाहीत

फक्त रहस्यकथा, फक्त विज्ञानकथा किंवा फक्त भयकथा छापणाऱ्या मासिकांचा शेवट जवळ आला आहे, असं गेली सत्तर वर्षं कुणी ना कुणी सांगत आलं आहे. टीव्ही आला तेव्हा सांगितलं गेलं, खिशात मावणारी स्वस्त पुस्तकं आली तेव्हा सांगितलं गेलं, इंटरनेट आलं तेव्हा तर बहुतेकांनी ते गृहीतच धरलं. तरीही अमेरिकेत जानेवारी १९३० मध्ये ‘अस्टाउंडिंग’ म्हणून सुरू झालेलं विज्ञानकथांचं नियतकालिक ‘ॲनालॉग’ या नावाने आजही निघतं. १९४१ साली सुरू झालेलं ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’ निघतं. जपानमध्ये हायाकावा प्रकाशनाचं ‘एसएफ मॅगझिन’ १९५९ च्या अखेरीपासून चालू आहे, चीनमधल्या छंगदू शहरातलं ‘सायन्स फिक्शन वर्ल्ड’ १९७९ पासून. शिवाय छापील अंकाच्या वाटेला न जाता थेट इंटरनेटवर सुरू झालेली नवी मासिकं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आली, ती वेगळीच.

या धंद्यात पैसा नाही. बरेच संपादक दुसरी नोकरी सांभाळून अंक काढतात, आणि मिळणाऱ्या मानधनावर लेखकाचं घर चालत नाही. मग ही मासिकं टिकतात कशाच्या जोरावर? माझं उत्तर असं आहे की इथे चुकणं स्वस्त पडतं. वाचकाचं चुकणं स्वस्त, लेखकाचं स्वस्त, संपादकाचंही स्वस्त. चुकणं परवडत असलं की माणूस नवीन काहीतरी करून बघतो, आणि वाचकाला हवं असतं ते तेच नवीन काहीतरी. हे कसं घडतं ते समजून घ्यायला कथेच्या लांबीपासून सुरुवात करू.

अर्ध्या तासाची जोखीम

इंग्रजी विज्ञानकथेच्या जगात लांबीची मापं ठरलेली आहेत. ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांच्या नियमांनुसार ७,५०० शब्दांच्या आतली ती लघुकथा, त्यापुढे १७,५०० शब्दांपर्यंत दीर्घकथा, ४०,००० पर्यंत लघुकादंबरी आणि त्याहून मोठी ती कादंबरी. पाच हजार शब्दांची कथा निवांत वाचली तरी अर्ध्या तासात संपते. कादंबरीला आठ-दहा तास द्यावे लागतात, त्यामुळे ती उचलताना आपण लेखकाचं नाव बघतो, कुणी शिफारस केली आहे ते बघतो, जुन्या आवडत्या लेखकाकडेच परत जातो. अंकातल्या कथेसाठी एवढी चौकशी कुणी करत नाही. नाव अनोळखी असेना का, अर्ध्या तासाचाच तर प्रश्न आहे! एका अंकात सहा-आठ कथा असतात. त्यांतल्या तीन आवडल्या, दोन ठीक वाटल्या आणि एक अजिबात पटली नाही, तरी अंक चांगला निघाला असंच वाचक म्हणतो. अनोळखी लेखकावर डोळे मिटून विश्वास टाकायची सवय मासिकाने लावली, असं म्हटलं तरी चालेल.

पण मग ही मासिकं रहस्य, भय, विज्ञान, अद्भुत अशा एकेका प्रकाराला का वाहिलेली असतात? सरसकट सगळ्या प्रकारच्या कथा छापणारी मासिकं एकेकाळी याहून कितीतरी जास्त खपायची. त्यांतली बरीच गेली आणि ही राहिली. यामागे एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. एका प्रकाराच्या वाचकांकडे काही सामाईक सामान जमलेलं असतं. बंद खोलीतला खून म्हणजे काय हे रहस्यकथेच्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. यान प्रकाशाच्या जवळपास वेगाने निघालं म्हटल्यावर आत बसलेल्यांचं वय कमी वाढणार, हे विज्ञानकथेच्या वाचकाला आधीच ठाऊक असतं. त्यामुळे लेखक पहिली चार पानं वाचवतो. कथा दारातून सुरू न होता थेट माजघरातून सुरू होते, आणि पाच हजार शब्दांत बरीच लांब जाऊन येते. वाचकाला नियम माहीत असल्यामुळेच नियम मोडल्याचं त्याला कळतं, आणि त्यातली गंमतही त्यालाच कळते.

या सगळ्याची एक व्यावहारिक बाजू आर्थर कॉनन डॉयलच्या फार लवकर लक्षात आली होती. शेरलॉक होम्स आधी दोन कादंबऱ्यांत येऊन गेला होता आणि त्याचा फारसा गाजावाजा झाला नव्हता. लंडनमध्ये जानेवारी १८९१ मध्ये ‘द स्ट्रँड मॅगझिन’ सुरू झालं आणि त्याच वर्षीच्या जुलै अंकापासून होम्सच्या लघुकथा त्यात येऊ लागल्या. डॉयलचा हिशेब सरळ होता. क्रमशः येणाऱ्या कादंबरीचा एक भाग चुकला की वाचकाचा धागा तुटतो आणि तो पुढचे अंक घेत नाही. मग पात्र तेच ठेवावं आणि गोष्ट मात्र दर अंकात पूर्ण करावी. म्हणजे अंक चुकला तरी वाचकाचं काही अडत नाही, आणि नवा वाचक कुठल्याही महिन्यापासून सुरुवात करू शकतो. होम्स खरा प्रसिद्ध झाला तो या कथांमुळे. आज आपण टीव्हीवर ‘दर भागात नवी केस’ छापाच्या ज्या मालिका बघतो, त्यांचा सांगाडा एका मासिकाच्या गरजेतून आलेला आहे.

स्वस्त कागद

इतिहास थोडक्यात. १८९६ मध्ये अमेरिकेत फ्रँक मन्सी यांनी आपलं ‘आर्गोसी’ पूर्णपणे कथा-कादंबऱ्यांना वाहिलं आणि लाकडाच्या लगद्यापासून बनणाऱ्या खरबरीत, स्वस्त कागदावर छापायला सुरुवात केली. या लगद्याला इंग्रजीत ‘पल्प’ म्हणतात आणि त्यावरून त्या सगळ्या मासिकांनाच ‘पल्प’ हे नाव पडलं. पुढे एकेका प्रकाराचं स्वतंत्र मासिक निघू लागलं: १९१५ मध्ये ‘डिटेक्टिव्ह स्टोरी मॅगझिन’, १९२० मध्ये ‘ब्लॅक मास्क’, मार्च १९२३ मध्ये भय आणि अद्भुताचं ‘वीअर्ड टेल्स’. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ काढलं. निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेलं इंग्रजीतलं ते पहिलं मासिक. ह्यूगो पुरस्काराला नाव मिळालं ते त्यांच्यावरूनच.

दोन शेवट, दोन संपादक

संपादक कथा निवडतो एवढंच बाहेरून दिसतं. आत काय चालतं हे दोन कथांच्या उदाहरणातून चांगलं कळतं.

पहिली टॉम गॉडविनची ‘द कोल्ड इक्वेशन्स’. ऑगस्ट १९५४ च्या ‘अस्टाउंडिंग’मध्ये ती आली. एक छोटं यान दूरच्या ग्रहावर तातडीची लस घेऊन निघालं आहे. इंधन जेमतेम पुरेल इतकंच भरलेलं आहे, एका वैमानिकाच्या वजनाला पुरेल एवढं. वाटेत वैमानिकाला कळतं की एक मुलगी भावाला भेटायला म्हणून यानात लपून बसली आहे. तिचं वजन धरलं तर यान कोसळणार, आणि लशीची वाट बघणारी माणसंही मरणार. गॉडविन प्रत्येक खर्ड्यात तिला वाचवायची काहीतरी युक्ती शोधून काढायचा, आणि संपादक जॉन कॅम्पबेल कथा परत पाठवायचे. वाचवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तोवरच्या विज्ञानकथांत हुशार नायक शेवटच्या पानावर मार्ग काढतोच, ही वाचकाची खात्री होती. कॅम्पबेलना ती खात्रीच मोडायची होती. शेवटी मुलगी मरते. या कथेवर वाचकांची जी पत्रं सुरू झाली, ती चर्चा आजही थांबलेली नाही.

दुसरी कथा डॅनियल कीजची ‘फ्लॉवर्स फॉर अल्जरनॉन’. बुद्धीने मंद असलेल्या चार्लीवर शस्त्रक्रिया होते, तो अत्यंत बुद्धिमान होतो, आणि मग सगळं हळूहळू पुन्हा हातातून निसटत जातं. पूर्ण कथा चार्लीच्या स्वतःच्या टिपणांमधून सांगितलेली आहे. सुरुवातीला त्याचं शुद्धलेखन चुकतं, मग सुधारत जातं, वाक्यं लांब आणि गुंतागुंतीची होतात, आणि शेवटाकडे चुका एकेक करून परत येऊ लागतात. काय चाललं आहे हे चार्ली सांगण्याआधीच वाचकाला त्या अक्षरांवरून कळतं. ‘गॅलक्सी’चे संपादक एच. एल. गोल्ड यांना कथा आवडली, पण शेवट बदला म्हणाले. चार्लीची बुद्धी टिकू दे, त्याचं लग्न होऊ दे, सगळं सुखाचं होऊ दे. कीजला पैशांची गरज होती, तरी त्याने नकार दिला. कथा ‘द मॅगझिन ऑफ फँटसी अँड सायन्स फिक्शन’कडे गेली आणि एप्रिल १९५९ च्या अंकात मूळच्या शेवटासकट छापून आली. पुढच्या वर्षी तिला ह्यूगो मिळाला, आणि १९६६ मध्ये तिची कादंबरी झाली.

दोन्ही ठिकाणी वाद शेवटाचाच. एका संपादकाने हट्टाने सुखान्त काढून टाकायला लावला, दुसऱ्याने हट्टाने सुखान्त मागितला. गोल्ड काही वाईट संपादक नव्हते. ‘गॅलक्सी’ने त्या दशकातल्या उत्तमोत्तम कथा छापल्या आहेत. तरी या एका कथेच्या बाबतीत ते चुकले, आणि ती चूक कुणालाही फार महागात पडली नाही, कारण त्याच रस्त्यावर दुसरं दार उघडं होतं. मासिकं अनेक असण्याचं महत्त्व मला या प्रसंगात सगळ्यात स्पष्ट दिसतं. एका संपादकाची आवड हा कायदा होत नाही. ‘साभार परत’ आलेलं हस्तलिखित लेखक दुसऱ्या पत्त्यावर पाठवतो, आणि तिथल्या माणसाची नजर वेगळी असते.

टपालातून आलेली माणसं

या मासिकांचं दार बहुधा उघडं असतं. ओळख लागत नाही, एजंट लागत नाही. कुणीही कथा पाठवावी. न मागता आलेल्या कथांचा ढीग कुणीतरी बसून वाचतं. बहुसंख्य कथा परत जातात. पण जी नावं त्या ढिगातून वर आली, ती बघण्यासारखी आहेत.

१९३३ साली ‘वीअर्ड टेल्स’कडे सी. एल. मूर या नावाने एक कथा आली. ती वाचून संपादक फार्न्सवर्थ राइट इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी ऑफिसला सुट्टी दिली, असं सांगतात. लेखक होती कॅथरिन मूर, बँकेत नोकरी करणारी तरुणी. जोडधंद्याचं बँकेला कळू नये म्हणून तिने नावाऐवजी आद्याक्षरं वापरली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ‘ब्लॅक मास्क’मध्ये रेमंड चँडलरची पहिली कथा आली. तेलकंपनीतली मोठी नोकरी गेलेला तो ४५ वर्षांचा माणूस होता. आयुष्याच्या मध्यावर नव्याने सुरुवात करायला त्याला प्रकाशकांच्या जगातलं कुणी ओळखीचं असावं लागलं नाही. हार्डबॉइल्ड म्हणतात तशी खरखरीत, रस्त्यावरच्या भाषेतली रहस्यकथा त्या मासिकात डॅशिएल हॅमेटने आधीच रुजवली होती, आणि चँडलर तिथेच शिकला.

मार्च १९६८ च्या ‘ॲनालॉग’मध्ये जेम्स टिपट्री ज्युनियर नावाचा नवा लेखक आला. नंतर तो गाजला. त्याला कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, सगळा व्यवहार टपालाने. हा माणूस कोण असेल यावर तर्क चालायचे आणि हे लेखन पुरुषाचंच आहे असं जाणकार छातीठोकपणे सांगायचे. साधारण १९७७ च्या सुमाराला उघड झालं की टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन, साठी ओलांडलेल्या बाई, सीआयएमध्ये काम केलेल्या आणि मानसशास्त्रात पीएच. डी. असलेल्या. टपालाच्या पाकिटातून फक्त कथा येते, माणूस येत नाही. त्यामुळे कितीतरी जणांना असं दार उघडलं, जे समोरासमोर कदाचित उघडलं नसतं. हे सगळीकडे आणि सगळ्यांच्या बाबतीत झालं असं नाही. या क्षेत्राने बराच काळ अनेकांना बाहेर ठेवलं, हेही तितकंच खरं आहे. पण जे आत आले ते बहुधा याच वाटेने आले.

आणि एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. होर्हे लुइस बोर्हेस या अर्जेंटिनाच्या थोर लेखकाची कथा इंग्रजीत पहिल्यांदा कुठे आली असेल? कुठल्या विद्यापीठाच्या गंभीर नियतकालिकात नव्हे, तर ऑगस्ट १९४८ च्या ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’मध्ये. अनुवाद केला होता अँथनी बाउचर यांनी. पुढच्याच वर्षी ‘फँटसी अँड सायन्स फिक्शन’ सुरू करणाऱ्या दोन संपादकांपैकी ते एक. कथेत खून आहे, हेर आहे, कोडं आहे. रहस्यकथेच्या संपादकाला तेवढं पुरेसं होतं. तिच्यात काळाविषयीचं एक अजब तत्त्वचिंतनही आहे, याची त्याला अडचण वाटली नाही.

वाचकांची पत्रं

‘अमेझिंग स्टोरीज’मध्ये वाचकांची पत्रं छापायचे तेव्हा खाली पूर्ण पत्ता द्यायचे. आज हे धोक्याचं वाटेल. त्या काळी त्याचा परिणाम असा झाला की वाचक एकमेकांना थेट पत्रं लिहू लागले. गावात आपल्यासारखं वाचणारं दुसरं कुणी नाही असं वाटणाऱ्या मुलांना शेकडो मैलांवरचे मित्र मिळाले. त्यातून मंडळं झाली, हाताने छापलेली छोटी नियतकालिकं निघाली, आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. ते संमेलन, महायुद्धाची वर्षं सोडली तर, अजून दरवर्षी भरतं. पुढच्या पिढीचे बरेच लेखक आणि संपादक याच पत्रलेखकांमधून आले.

या नात्याचं एक विलक्षण उदाहरण आहे. ‘अस्टाउंडिंग’च्या नोव्हेंबर १९४८ च्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं. त्यात त्याने नोव्हेंबर १९४९ च्या, म्हणजे एक वर्ष पुढच्या, अजून अस्तित्वातच नसलेल्या अंकाचं परीक्षण लिहिलं होतं. कुठल्या लेखकाची कुठली कथा आहे, कुठली जास्त आवडली, सगळं अगदी गंभीरपणे. कॅम्पबेलनी ते पत्र छापलं आणि मग गुपचूप त्या लेखकांना सांगून जवळजवळ तसाच अंक तयार केला. वाचकाने सुचवलेल्या शीर्षकाचीच ‘गल्फ’ ही कथा रॉबर्ट हाइनलाइनने लिहून दिली. बरोबर एका वर्षाने तो अंक बाजारात आला. एका वाचकाची गंमत संपादकाने किती मनावर घ्यावी! पुस्तकांच्या जगात हे घडू शकत नाही, कारण तिथे वाचक आणि लेखक यांच्यातलं अंतर दोन-तीन वर्षांचं असतं. मासिकात ते काही महिन्यांचं असतं.

एवढंच नाही, कथाही एकमेकींशी बोलतात. ‘द कोल्ड इक्वेशन्स’ वाचून कितीतरी जणांना राग आला. मुलीला मारलं ते गणिताने की गणिताची ती मांडणी करणाऱ्या माणसांनी? जीव जाण्याइतकं कमी इंधन भरून यान पाठवायचा निर्णय कुणी घेतला? दाराला साधं कुलूप का नव्हतं? या रागातून उत्तरादाखल कथा लिहिल्या गेल्या. १९९१ मध्ये ‘ॲनालॉग’मध्येच एक आली, २०२१ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या इंटरनेटवरच्या मासिकात आणखी एक. जवळजवळ सत्तर वर्षं चाललेला हा वाद आहे, आणि तो लेखांतून कमी, कथांमधून जास्त लढला गेला. एखादी कथा वाचताना तिच्या मागे उभी असलेली जुनी कथा ओळखता आली की वाचनाला वेगळीच खोली येते. नियमित वाचक वर्षानुवर्षं वर्गणी भरत राहतो, त्यात याचा मोठा वाटा आहे.

वेगाचं आणखी एक टोक सांगतो. मार्च १९४४ च्या ‘अस्टाउंडिंग’मध्ये क्लीव्ह कार्टमिलची ‘डेडलाइन’ ही कथा आली. तिच्यात युरेनियम-२३५ वापरून बनवलेल्या बॉम्बचं वर्णन होतं. प्रत्यक्ष अणुबॉम्ब तेव्हा अत्यंत गुप्तपणे तयार होत होता. तपास अधिकारी कॅम्पबेलच्या ऑफिसात येऊन धडकले. ही सगळी माहिती युद्धाआधीच्या, कुणालाही मिळतील अशा शास्त्रीय नियतकालिकांतली आहे, असं त्यांनी अधिकाऱ्यांना समजावून सांगितलं. कथा म्हणून ती सामान्यच आहे. पण आज प्रयोगशाळेत जे चाललं आहे त्याचे परिणाम काय होतील, हे इतक्या लवकर लोकांसमोर मांडायला दुसरं कुठलं साधन तेव्हा होतं?

छंगदूची गोष्ट

हे फक्त अमेरिकेचं आहे असं वाटू नये म्हणून चीनकडे बघू. १९८३ च्या सुमाराला ‘आध्यात्मिक प्रदूषणा’विरुद्धची, म्हणजे पाश्चात्त्य विचारांच्या प्रभावाविरुद्धची, सरकारी मोहीम सुरू झाली, विज्ञानकथा संशयाच्या फेऱ्यात आली आणि ती छापणारी बहुतेक नियतकालिकं बंद पडली. छंगदूचं मासिक तगलं. त्याच्या संपादक यांग शिआओ १९९० मध्ये एका आंतरराष्ट्रीय संमेलनाचं यजमानपद मागायला हेगला गेल्या. पैसे वाचावेत म्हणून चीनपासून रेल्वेने. यजमानपद मिळालं आणि पुढच्या वर्षी जगभरचे विज्ञानकथा लेखक छंगदूला आले. १९९९ मध्ये चीनच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत निबंधाला विषय आला: ‘आठवणींचं प्रत्यारोपण करता आलं तर?’ नेमक्या त्याच सुमाराच्या अंकात मासिकाने या विषयावर मजकूर छापलेला होता. त्यानंतर पालक आपणहून मुलांना हे मासिक आणून देऊ लागले आणि खप कितीतरी वाढला. त्याच मासिकात २००६ मध्ये लिउ त्सिशिन यांची ‘थ्री बॉडी’ क्रमशः आली. पुस्तक निघालं २००८ मध्ये, आणि इंग्रजी अनुवादाला २०१५ साली ह्यूगो मिळाला. आज जगभर माहीत असलेली ही कादंबरी आधी मासिकाच्या वर्गणीदारांनी महिन्या-महिन्याने वाचली होती.

संकटं खरी आहेत

मासिकं टिकली म्हणजे सगळं छान चाललं आहे असं मात्र नाही. १९४९ मध्ये ‘स्ट्रीट अँड स्मिथ’ या मोठ्या प्रकाशनाने आपली पल्प मासिकं बंद केली, फक्त ‘अस्टाउंडिंग’ ठेवलं. १९५७ मध्ये अमेरिकन न्यूज कंपनी ही सर्वांत मोठी वितरण संस्था या धंद्यातून बाहेर पडली आणि अंक दुकानांपर्यंत पोचवायचं साधनच गेल्याने कितीतरी मासिकं बुडाली. वाचक होते, लेखक होते, मधला दुवा तुटला. तसंच काहीसं २०२३ मध्ये पुन्हा झालं. ॲमेझॉनने किंडलवरची मासिकांची वर्गणी-योजना बंद केली आणि त्या एका वाटेवर अवलंबून असलेल्या मासिकांचे नियमित पैसे रातोरात आटले. २०२५ च्या सुरुवातीला ‘ॲनालॉग’, ‘असिमॉव्ह्ज’, ‘एलरी क्वीन्स’ यांच्यासह काही जुनी मासिकं नव्या मालकाकडे गेली.

मानधनाचं म्हणाल तर अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने व्यावसायिक दर म्हणून शब्दाला किमान ८ सेंट धरला आहे. पाच हजार शब्दांच्या कथेचे ४०० डॉलर झाले. महिनाभराची मेहनत आणि पुढे कित्येक महिने नकारांची वाट बघणं, यासमोर ही रक्कम काहीच नाही. १९४० च्या दशकात काही मासिकं शब्दाला एक-दोन सेंट द्यायची आणि त्या काळच्या महागाईत त्यावर लेखक पोट भरू शकत होते. आज तसं करणं अशक्य आहे. याची मला खरोखर काळजी वाटते, कारण ज्यांच्याकडे दुसरं उत्पन्न आहे त्यांनाच मग लिहीत राहणं परवडतं.

सगळ्यात नवा धोका मात्र उघड्या दारातूनच आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’चे संपादक नील क्लार्क यांना त्या महिन्याच्या पहिल्या वीस दिवसांत सुमारे ५०० कथा यंत्राकडून लिहवून घेतलेल्या मिळाल्या. माणसांनी लिहिलेल्या आल्या होत्या साधारण ७००. झटपट पैसे मिळवण्याचा मार्ग म्हणून कुणीतरी हे इतरांना शिकवत होतं. २० फेब्रुवारीला त्यांनी नव्या कथा घेणं थांबवलं आणि मार्चमध्ये काही उपाय करून पुन्हा सुरू केलं. प्रश्न कथांच्या दर्जाचा नव्हता. त्या कथा वाईट होत्या आणि ओळखूही येत होत्या. प्रश्न वेळेचा होता. ढिगातल्या प्रत्येक कथेला कुणीतरी काही मिनिटं देतं, या एका सवयीवर मूर, चँडलर आणि टिपट्री आत आले. ढीग दुप्पट, तिप्पट झाला तर ती मिनिटं कुठून आणायची? ओळखीच्या लेखकांकडूनच कथा मागवणं हा सोपा उपाय होता. क्लार्क आणि त्यांच्यासारख्या बऱ्याच संपादकांनी तो टाळला. जास्त कष्ट घेऊन दार उघडं ठेवलं, याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो.

सुरुवात कुठून करावी

ज्यांनी असं मासिक कधी वाचलेलं नाही त्यांनी जुन्या अभिजात कथांच्या संग्रहापासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. संग्रहात फक्त जिंकलेल्या कथा असतात. अंकात चुकलेल्याही असतात, आणि त्या शेजारी असल्यामुळेच चांगली कथा भेटल्याचा आनंद खरा होतो. एखादा चालू अंक घ्यावा. ‘क्लार्क्सवर्ल्ड’, ‘लाइटस्पीड’, ‘अनकॅनी’, ‘स्ट्रेंज होरायझन्स’ या इंग्रजी मासिकांच्या बऱ्याचशा कथा इंटरनेटवर मोफत वाचता येतात, काहींच्या ऐकताही येतात. अनुक्रमणिकेतलं सर्वांत अनोळखी नाव आधी उघडावं. दोन पानांत मन रमलं नाही तर ती कथा सोडून पुढची घ्यावी, इथे त्यात काही गैर नाही. एखादी कथा डोक्यातून जाईना तर त्या लेखकाच्या आधीच्या कथा कुठे आल्या होत्या ते बघावं. बहुतेक वेळा त्या आणखी दोन-तीन मासिकांत विखुरलेल्या सापडतात, आणि मग ती मासिकंही वाचायला मिळतात.

लिहिणाऱ्यांनी आधी त्या मासिकाचे चार-पाच अंक वाचावेत आणि मग नियम नीट बघून कथा पाठवावी. शब्दमर्यादा आणि मजकूर कुठल्या स्वरूपात हवा हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. तीच कथा एकाच वेळी दोन संपादकांना पाठवलेली अनेकांना चालत नाही. कथा परत आली तर त्याच संध्याकाळी दुसरीकडे पाठवावी.